घराचं शटर आणि सरकतं गेट: वजन कशावर अडलंय ते आधी बघा

सोलापुरात ‘गॅरेज’ म्हटलं की डोळ्यांपुढे गाडी दुरुस्तीचं दुकान येतं. घरात गाडी ठेवायच्या जागेला आपण पार्किंग म्हणतो, नाहीतर पोर्च. तिथे असतं ते गुंडाळी शटर, नाहीतर रुळावरून सरकणारं लोखंडी गेट. जुळे सोलापूरच्या बंगल्यात शटराआड कार असते. अशोक चौक, साखर पेठ भागात खाली माग आणि वर घर, तिथे त्याच शटरातून सुताची पोती, माणसं, शाळेची पोरं आणि स्कूटर, सगळी ये-जा चालते. शटर बसवताना लोक चोराचा विचार करून कुलूप दोनदा तपासतात. हे लोखंड माणसाच्या अंगावर येऊ नये म्हणून कशावर अडलंय, ते मात्र कुणी बघत नाही.

आधी वजनाचा हिशेब करू. सव्वा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला सुमारे १० किलो भरतं. शटराच्या पट्ट्या एकमेकींत अडकवण्यासाठी कडेला वळवलेल्या असतात, त्यात जास्तीचा पत्रा जातो. म्हणून तयार शटर चौरस मीटरला १३ किलोच्या आसपास जातं. १० फूट रुंद आणि ८ फूट उंच शटर म्हणजे साडेसात चौरस मीटर, साधारण १०० किलो. सिमेंटच्या दोन गोण्या डोक्यावर टांगल्यासारखंच हे आहे. सरकत्या गेटाचं वजन याहून जास्त. १२ बाय ६ फुटाचं, दीड-पावणेदोन मिलिमीटर पत्रा आणि ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाईपचं गेट सव्वाशे किलोपर्यंत सहज जातं.

हे वजन अंगावर येऊ न देणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. शटराला स्प्रिंग आणि दोन ब्रॅकेट, गेटाला वरचा गाईड आणि टोकाचे स्टॉपर. तपासणी तिथूनच सुरू करायची.

शटर: तपासणी कशी करायची

गाडी बाहेर काढा, पोरांना आत पाठवा आणि सोबत एक माणूस ठेवा. टेप, टॉर्च आणि स्टुलाऐवजी नीट उभी राहणारी शिडी हवी.

शटर कंबरेइतकं उचला आणि हात हँडलच्या जवळच ठेवून हलकेच सैल करा. खाली पाय नको. स्प्रिंगचा ताण बरोबर असेल तर शटर तिथेच थांबतं, फार तर थोडं रेंगाळतं. धाडकन खाली यायला लागलं तर स्प्रिंग थकली आहे किंवा एखादी तुटली आहे. आपोआप वर पळत असेल तर ताण जास्त दिला आहे, आणि तेही वाईटच. जोरात वर गेलेलं शटर वरच्या अडणीवर आदळतं, खालची पट्टी वाकते आणि एखाद्या दिवशी अडणी ओलांडून शटर पूर्ण गुंडाळून बसतं.

मग शटर अर्ध्यावर असताना जमिनीपासून खालच्या पट्टीपर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना मोजा. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर एका बाजूची स्प्रिंग कमी काम करतेय, किंवा एका बाजूचं ब्रॅकेट खाली बसलंय. रुंदीप्रमाणे वरच्या पाईपवर दोन, तीन किंवा जास्त स्प्रिंगा असतात. एक तुटली तरी बाकीच्यांवर शटर चालत राहतं आणि फसगत होते ती इथेच. ‘हल्ली जरा जड झालंय’ म्हणत लोक महिनोन्‌महिने ओढतात आणि उरलेल्या स्प्रिंगांना ते वजन पुरतं पेलत नाही. शटर एकाएकी जड झालं, किंवा वरच्या पेटीत ‘खण्ण’ असा आवाज होऊन तिरपं जायला लागलं, तर त्याच दिवशी वापर बंद करा.

ब्रॅकेट म्हणजे पाईपच्या दोन टोकांना भिंतीत बसवलेल्या जाड पाट्या. शटर बंद करून, शिडीवर चढून टॉर्चने बघा. पाटीभोवती गिलाव्याला तडा, बोल्टखालून गळालेली विटेची लाल भुकटी, पाटी आणि भिंत यांच्यामध्ये नखभर फट, यापैकी काहीही दिसलं तर बोल्ट सुटायला लागलाय. आपल्याकडे बऱ्याच घरांत ब्रॅकेट काँक्रीटच्या कॉलममध्ये न घेता विटेच्या भिंतीत ठोकलेलं असतं. वीट तो झटका वर्षानुवर्षं सोसत नाही. अशा ठिकाणी तोच बोल्ट पुन्हा आवळून भागत नाही. भिंतीतून आरपार बोल्ट घेऊन मागच्या बाजूला दुसरी पाटी द्यायला सांगा, किंवा ब्रॅकेट कॉलमवर सरकवून घ्या.

पट्ट्यांच्या टोकांना कडेची क्लिप असते, ती पट्टीला आडवं सरकू देत नाही. क्लिप गळाली की पट्टी एका बाजूला सरकते आणि चॅनेलमध्ये, म्हणजे शटर ज्यातून वर-खाली सरकतं त्या बाजूच्या उभ्या खाचेत, रुतते, आणि मग माणूस शटराला हिसके मारतो. हिसक्यांनी पट्टी दुसऱ्या टोकाला चॅनेलबाहेर निसटते. दोन्ही कडांच्या क्लिपा वरून खाली नजरेने मोजत या. दोन-तीन कमी दिसल्या तरी शटरवाल्याला बोलवा, हे काम किरकोळ आहे.

चॅनेलबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, ‘उन्हात शटर फुगतं म्हणून अडकतं’ हा समज. लोखंड १ अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत पत्र्याच्या तापमानात ४५ अंशांचा फरक धरला तरी ३ मीटरचं शटर दीड-पावणेदोन मिलिमीटर वाढेल. चॅनेलची खोली ६५ मिलिमीटर असते, एवढी वाढ त्यात सहज मावते. तेव्हा शटर उन्हाळ्यात अडकत असेल तर कारण दुसरं शोधा. गाडीचा धक्का लागून चॅनेल दबलेलं असेल, भिंत हललेली असेल किंवा धूळ साचलेली असेल.

दुसरी गोष्ट तेलाची. चॅनेलमध्ये ग्रीस किंवा गाडीचं काळं तेल ओतू नका. सोलापूरच्या फुफाट्यात, आणि माग असलेल्या घरात उडणाऱ्या सुताच्या रुईत, त्या तेलाचा चिकट लगदा होतो आणि पॉलिश पेपरसारखा पट्ट्या घासत बसतो. चॅनेल आधी कोरड्या ब्रशने आणि मग फडक्याने साफ करा. नंतर सिलिकॉन स्प्रे मारा किंवा साधी मेणबत्ती आतून घासा. बेअरिंगला ग्रीस लागतं, पण ते पेटी उघडून शटरवाल्यानेच भरायचं. चॅनेलचं खालचं वीतभर टोक बोटाने दाबून बघा. पाणी आलं की पोर्चमध्येच गाड्या धुतल्या जातात, ते पाणी तिथे मुरतं आणि लोखंड आतून खातं. वरून रंग शाबूत दिसतो आणि आत पापुद्रे सुटलेले असतात.

स्वतः हात लावायचा नाही अशा जागा

स्प्रिंगचा ताण स्वतः वाढवू नका. शटरवाला वरचा पाईप मोठ्या पान्याने फिरवून स्प्रिंग पिळतो. पाना निसटला तर साठलेला सगळा ताण पान्यातून मनगटावर किंवा तोंडावर येतो. शटर बंद असताना स्प्रिंग सगळ्यात जास्त पिळलेली असते, त्यामुळे त्या अवस्थेत ब्रॅकेटचा किंवा पाईपच्या पकडीचा एकही बोल्ट सैल करायचा नाही. हे काम दोन माणसांचं आहे. शटरवाला एकटाच आला आणि तुम्हालाच ‘जरा धरा’ म्हणाला तर त्याला दुसरा माणूस घेऊन यायला सांगा. यात भिडेचं कारण नाही.

स्प्रिंग तुटली आणि शटर उघडंच राहिलं तर ते खाली ओढायच्या फंदात पडू नका. खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांखाली लाकडी वासा किंवा लोखंडी पाईप उभा करून टेकू द्या. दोन्ही चॅनेलवर पट्टीच्या अगदी खाली सी-क्लॅम्प आवळता आला तर आणखी चांगलं. विटांची चळत टेकू म्हणून चालत नाही, पहिल्याच धक्क्याला कोसळते. मग समोर खुर्ची आडवी लावा आणि मिस्त्री येईपर्यंत त्या बाजूने कुणालाही जाऊ देऊ नका.

शटराला वेल्डिंग करायचं असेल तर आधी स्कूटर, पेट्रोलचा कॅन, सूत आणि जुन्या चादरी तिथून हलवा. ठिणगी पेटीत साचलेल्या रुईत पडली तर ती लगेच पेटेलच असं नाही, आत धुमसत राहते आणि नंतर पेट घेते. काम संपल्यावर तासभर लक्ष ठेवा.

रोजच्या वापरातलं

हात फक्त हँडलला. पट्ट्यांच्या सांध्यात बोटं घालून शटर ओढलं की पट्ट्या गुंडाळताना तो सांधा मिटतो आणि बोट आत राहतं. हँडल हाताला पुरत नसेल तर आकड्याची काठी ठेवा, पण दोरी लोंबकळत ठेवू नका. पोरं दोरीला झोंबतात आणि वर जाणाऱ्या शटराबरोबर उचलली जातात. शेवटचा फूटभर पाय ठेवून शटर दाबायची सवय फार घरांत आहे. पाय घसरला की घोटा थेट खालच्या पट्टीखाली जातो, म्हणून तेवढं वाकायचा कंटाळा करू नका.

एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाआधी वावटळ सुटते तेव्हा शटर अर्धं उघडं नको. अर्ध्यावरच्या शटराची खालची बाजू मोकळी असते, वारा ती फुगवतो आणि पट्ट्या चॅनेलबाहेर येतात. पूर्ण बंद करा, दोन्ही बाजूंचे अडसर लावा. दुपारच्या उन्हात तापलेल्या हँडलला ओढणीचं किंवा पदराचं टोक गुंडाळून शटर ओढू नका, कापड पट्ट्यांत ओढलं जातं. हँडललाच रबरी नळीचा तुकडा कायमचा चढवून टाका.

सरकतं गेट

इथे आम्ही जास्त वेळ घेणार आहोत, कारण पोरांच्या जिवाला जास्त धोका शटरापेक्षा सरकत्या गेटाचा असतो. शटर पडलं तरी चॅनेलमधून सरळ खाली येतं. गेट आडवं पडतं, सगळंच्या सगळं, आणि सहा फुटांच्या पट्ट्यात जे असेल त्यावर.

गेट उभं राहतं ते चाकांवर नव्हे. खालची दोन चाकं फक्त भार वाहतात. गेटाला उभं धरतो तो खांबावरचा वरचा गाईड, म्हणजे दोन्ही बाजूंचे रोलर किंवा उलट्या यू आकाराची कमान. गेटाची कड त्या गाईडमधून बाहेर पडली की सव्वाशे किलो दोन चाकांवर, सायकलसारखं, उभं असतं. कड बाहेर पडू न देणं हे स्टॉपरचं काम. बऱ्याच गेटांना खाली रुळावर एकच स्टॉपर असतो. नवी फरशी बसवताना, रंग देताना किंवा समोरचा रस्ता उंच करताना तो उखडला जातो आणि परत बसवायचं राहून जातं. गेट रोज जिथे थांबतं तिथेच थांबतं, म्हणून कुणाच्या ध्यानातही येत नाही. मग एक दिवस पोरं गेट पळवायचा खेळ खेळतात.

तपासताना दोन मोठी माणसं लागतात. दोघांनीही गेटाच्या टोकांना उभं राहायचं, सपाट बाजूसमोर कुणीच नाही.

१. गेट सावकाश पूर्ण उघडा, मग पूर्ण बंद करा. दोन्ही टोकांना ते ठोस लोखंडावर अडलं पाहिजे. कडी, कुलूप किंवा भिंतीचा गिलावा म्हणजे स्टॉपर नव्हे.

२. स्टॉपर खाली एक आणि वर एक, असे दोन्ही टोकांना हवेत. वरचा स्टॉपर म्हणजे गेटाच्या वरच्या पाईपला जोडलेला अँगलचा तुकडा, जो गाईडला अडतो. वेल्डिंग दोन्ही बाजूंनी पूर्ण हवं. नुसते दोन टाके मारलेले असतील तर ते धरायचेच नाहीत.

३. गेट पूर्ण बंद असताना त्याची मागची शेपटी गाईडच्या मागे किती उरते ते मोजा. किमान दीड फूट हवी. म्हणजे १० फुटांच्या वाटेला साडेअकरा फुटांचं गेट. मापाइतकंच गेट बनवून पत्रा वाचवला असेल तर ती बचत फार महाग आहे.

४. गाईडचे रोलर गेटाच्या वरच्या पाईपला किती खोल धरून आहेत? किमान २५ मिलिमीटर हवेत. वरच्या कडेला हाताने पुढे-मागे हलवून बघा, बोटभरापेक्षा जास्त हेलकावा नको.

यातला चौथा मुद्दा सोलापूरकरांनी वर्षातून दोनदा बघायचा आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. रूळ या मातीवरच्या पातळ काँक्रीटमध्ये असेल तर तो खाली-वर होतो. रूळ मधे खचला की गेट खाली जातं आणि वरच्या रोलरची पकड तेवढीच कमी होते. चाकाची खाच झिजली की आणखी काही मिलिमीटर जातात. खांब कललेला असेल तर तिसरा घाटा. तिन्ही मिळून २५ मिलिमीटरची पकड कधी संपते ते कळतही नाही. म्हणून मेअखेर आणि सप्टेंबरअखेर टेप लावा, खांबाला ओळंबा लावा आणि आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पुढच्या वेळी तोच आकडा बोलेल. नवीन खांब उभे करत असाल तर पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या, काळ्या मातीत अर्धवट सोडू नका.

गेट रुळावरून उतरलं तर एकट्याने उचलून बसवू नका, चार माणसं बोलवा. ढकलगाडीसारखं जोर लावून ढकलू नका, जोर नेमका वरच्या गाईडवर येतो. बिजागरीच्या गेटाला वेगळी भीती नाही, पण पोरं लोंबकळून झोके घेतात आणि वरच्या बिजागरीचं वेल्डिंग सुटतं. तेवढं मात्र वरचेवर बघा.

मोटर आणि वीज

शटराला मोटर बसवली की काही ठिकाणी स्प्रिंग काढून टाकतात आणि सगळा भार मोटर आणि तिच्या साखळीवर येतो. साखळी तुटली तर शटर मोकळं खाली येतं. त्यासाठी वेगळा पडरोधक ब्रेक मिळतो. तो आहे का, हे बिल देण्याआधी विचारा. वरच्या पाईपच्या आत बसणाऱ्या मोटरी सलग चारेक मिनिटं चालवल्या की तापून आपोआप बंद पडतात. तो बिघाड नाही. निवू द्या, बटण दाबत राहू नका. अडसर लावलेला असताना रिमोट दाबला तर पट्ट्या चुरगळतात, म्हणून मोटर बसल्यावर बाजूचे अडसर काढून टाका किंवा अडसर लागला की वीज तुटेल असा स्विच घ्या.

अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती गॅरेज दाराच्या मोटरीला वाटेत अडथळा आला तर दार उलटं फिरवणं बंधनकारक आहे. तिथे जमिनीपासून जास्तीत जास्त ६ इंचांवर डोळा, म्हणजे सेन्सर, बसवतात. सेन्सर उंच बसवला तर त्याला रांगतं मूल दिसत नाही. आपल्याकडे शटराच्या मोटरीबरोबर हा सेन्सर बहुधा वेगळा मागावा लागतो. मागाच, आणि त्याच उंचीवर बसवा. अडथळ्याला टेकून दार परत फिरतं का, ते तपासायला दीड इंच जाडीची फळी वाटेत आडवी ठेवून दार बंद करा. फळीला टेकताच दार परत फिरलं पाहिजे. सेन्सर नसेल तर बटण दाबून धरलं तरच शटर चालेल आणि सोडलं की थांबेल, अशी जोडणी करून घ्या. रिमोट गाडीच्या किल्लीला लावून पोरांच्या हाती देऊ नका.

नव्या बंगल्यांत छताखाली आत सरकणारी पॅनेलची दारं येताहेत. त्यांच्या पिळाच्या स्प्रिंगचं आयुष्य सहसा १०,००० वेळा उघडझाप एवढं असतं. दिवसाला चार वेळा दार उघडलं तर सातेक वर्षं. बसवल्याची तारीख पेटीवर लिहा. खालच्या कोपऱ्यातल्या कडीला जोडलेली तार कायम ताणात असते, तिचे बोल्ट घरी उघडायचे नाहीत.

वीज गेली तर हातसाखळीने शटर कसं उघडायचं, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा करून दाखवा, आजीलासुद्धा. आणि शटर म्हणजे अखंड लोखंड, हे वायरिंग करताना विसरू नका. गणपतीत, दिवाळीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत लायटिंगची वायर शटराच्या फटीतून बाहेर काढतात. पट्टीची धार तिचं आवरण कापते आणि सगळ्या शटरात करंट उतरतो. वायर भिंतीतल्या पाईपमधून न्या, मोटरीला अर्थिंग द्या आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. त्याचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

बंद शटराआड

शटर लावून आत इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं जड होतं, झोप येते आणि तिथेच माणूस संपतो.

खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड असेल तर शटर ही बाहेर पडायची एकमेव वाट नको. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जणांचा जीव गेला. धुरात वीज जाते, मोटर बंद पडते, कुलपाची किल्ली सापडत नाही. शटराच्या बाजूला आतून कडीने उघडणारं साधं दार काढा. रात्री कुणी आत झोपत असेल तर बाहेरून कुलूप लावायचंच नाही.

कुणी अडकलं तर

ओढू नका. शटराखाली माणूस अडकला असेल तर मोटरीची वीज आधी तोडा. मग गाडीच्या डिकीतला जॅक काढा, खालच्या पट्टीच्या कडेशी, चॅनेलच्या जवळ लावा आणि सावकाश फिरवा. मधोमध लावला तर पट्टी वाकते. जितकं वर येईल तितकं बाजूला लाकूड सारत जा. गेटाखाली कुणी असेल तर चार-पाच जणांनी एकाच लांब कडेला धरून एकाच वेळी उचलायचं. दोन टोकांनी वेगवेगळं उचललं तर दुसरं टोक आणखी दाबतं. एक जण त्याच वेळी १०८ लावत असला पाहिजे, आग असेल तर १०१. माणूस मोकळा झाला, बोलायला लागला, तरी त्याला उठवून उभं करू नका. मान, पाठ आणि पोटाला लागलेला मार वरून दिसत नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला आहे तिथेच सपाट राहू द्या, पाणीसुद्धा पाजू नका.